विल्हेल्म फेफर
विल्हेल्म फेफर (९ मार्च, १८४५:ग्रेबेनस्टाइन - ३१ जानेवारी, १९२०:लाइपझिग) हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांचे वडील औषधविक्रेते होते.

सजीव पेशीतील परासरण दाब थेट मोजणे त्या काळी अशक्य होते. मोरिट्स ट्राउबे यांनी बनवलेले कृत्रिम अर्धपार्य पटल दाबाने फाटत असे. फेफर यांनी ते सच्छिद्र मातीच्या भांड्याच्या भिंतीतच तयार केले. त्यातून पाणी आत शिरे, साखर मात्र बाहेर पडत नसे. साखरेच्या अवघ्या १ टक्का द्रावणाचा दाब सुमारे ५३ सेंमी पाऱ्याइतका भरला. पेशीद्रव्याच्या सीमेवरही असेच पटल असून तेच पदार्थांना वाट देते वा अडवते, असे त्यांनी १८७७ मधील ग्रंथात मांडले. सूक्ष्मदर्शकातून ते पटल तेव्हा दिसत नव्हते. याच मोजमापांवर व्हान्ट हॉफ यांनी द्रावणांचा सिद्धान्त उभारला. त्यांना १९०१ मध्ये रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले.