सेवेसाठी पुन्हा विद्यार्थी झालेले बाबा आमटे

मुरलीधर देविदास तथा बाबा आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे झाला. जमीनदार घराणे, कायद्याची पदवी आणि वरोड्यातील वकिली. सुखाची वाट मोकळी होती. एकदा पावसात भिजत पडलेला कुष्ठरोगी तुळशीराम दिसताच ते भयाने दूर पळाले. त्या भयाची लाज वाटून ते परतले व त्यांनी त्याची अखेरपर्यंत शुश्रूषा केली.

परंतु केवळ करुणेने रोग हटत नाही, हे त्यांनी ओळखले. वर्ध्याजवळील दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी १९३६ पासून चालविलेल्या कुष्ठसेवेचा त्यांनी परिचय करून घेतला. पुढे पस्तिशीच्या सुमारास, संसार मांडलेला असताना, कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगोपचाराचे शिक्षण घेतले. तेथे प्रयोगासाठी स्वतःचे शरीरही देऊ केले. पत्नी साधनाताईंच्या साथीने वरोड्याजवळ उभारलेले ‘आनंदवन’ हे त्या विद्येचे फळ होय.

९ फेब्रुवारी २००८ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. समाजकार्याचे शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी एवढे ध्यानी ठेवावे की, सेवेला अंतःकरण हवे, तसाच अभ्यासही हवा.