पडद्याबाहेरच्या अतिया फैझी

इस्तंबूलमध्ये १८७७ साली जन्मलेल्या अतिया फैझी मुंबईच्या तय्यबजी परिवारातल्या. बहीण नाझली जंजिऱ्याच्या नवाबांची बेगम. १९०६ मध्ये शिक्षणासाठी लंडनला गेल्यावरही त्यांनी विलायती पोशाख पत्करला नाही. मस्तक झाकलेले, चेहरा मात्र उघडा, असा स्वतः जुळवलेला वेश त्या करीत. १९२६ मध्ये अलिगढच्या शिक्षण परिषदेत बुरख्याविना उभे राहून त्यांनी ईश्वराच्या भूमीवर मुक्तपणे वावरण्याचा स्त्रीचा हक्क मागितला. बंड पडद्याविरुद्ध होते, श्रद्धेविरुद्ध नव्हे. टीकाकारांना हा भेद पचणे कठीणच. पुण्यात जन्मलेले बेने इस्रायली चित्रकार सॅम्युएल रहमीन इस्लाम स्वीकारून त्यांचे पती झाले होते. फाळणीनंतर जिनांच्या निमंत्रणावरून हे दांपत्य कराचीत स्थायिक झाले. पुढे तेथील घरही सोडावे लागले. १९६७ मध्ये विपन्नावस्थेतच अतियांचे निधन झाले.