राजपुत्र सुवन्न फूमा

आशियाचा नकाशा समोर घेऊन भारताच्या पूर्वेस पाहू लागलो, तर म्यानमार, म्हणजे आपला जुना शेजारी ब्रह्मदेश, ओलांडताच एक लांबट, डोंगराळ देश दृष्टीस पडतो. हा लाओस होय. त्याला समुद्रकिनारा नाही. चीन, व्हिएतनाम, कंबोडिया, थायलंड व म्यानमार अशा पाच देशांनी त्याला चोहोबाजूंनी वेढले आहे. मेकाँग ही महानदी त्याच्या पश्चिम सीमेवरून दूरवर वाहत जाते. १३५३ साली येथे लान सांग नावाचे राज्य स्थापन झाले. लान सांग म्हणजे दशलक्ष हत्तींचा देश. पुढे त्या राज्याची शकले झाली आणि १८९३ साली मेकाँगच्या पूर्वेकडील सर्व प्रदेश फ्रेंचांच्या ताब्यात गेला. लुआंग प्राबांग येथील राजाची गादी तेवढी नावापुरती शिल्लक राहिली.

याच लुआंग प्राबांग नगरात ७ ऑक्टोबर १९०१ रोजी सुवन्न फूमा यांचा जन्म झाला. त्यांच्या नावातील सुवन्न हा शब्द आपल्याला परका वाटू नये. तो पाली भाषेतला असून आपल्या सुवर्ण या शब्दाचेच ते रूप आहे. बौद्ध धर्माबरोबर असे कितीतरी शब्द भारतातून त्या देशात गेले. त्यांचे वडील राजपुत्र बूनखोंग हे राज्याचे उपराजे होते. त्यांचा परिवार फार मोठा होता. त्यातील तीन भावांची नावे लाओसच्या इतिहासात अमर झाली आहेत. सर्वांत वडील फेत्सरात, मधले सुवन्न फूमा आणि धाकटे सुफानुवोंग. फेत्सरात व सुवन्न हे सख्खे भाऊ. सुफानुवोंग हे सावत्र.

सुवन्न यांचे शालेय शिक्षण हनोई येथे झाले. पुढे ते फ्रान्सला गेले आणि तेथे त्यांनी स्थापत्य व विद्युत् अभियांत्रिकी या दोन विषयांचा अभ्यास केला. राजघराण्यातील मुलाने हातात मोजपट्टी धरावी आणि चुना-विटांचा हिशेब करावा, हे त्या काळी थोडे नवलाचेच होते. मायदेशी परतल्यावर ते सरकारी बांधकाम खात्यात काम करू लागले. विएन्तियान शहरात राजा सेत्थाथिराट याने १५६५ साली बांधविलेले फ्रा केओ नावाचे मंदिर होते. १८२८ साली सयामी सैन्याने शहर उद्ध्वस्त केले, तेव्हा तेही पडले व शंभर वर्षे भग्नावस्थेत राहिले. १९३६ पासून सहा वर्षे खपून त्याचा जीर्णोद्धार करण्यात आला, आणि त्या कामावर देखरेख सुवन्न फूमा यांची होती. आज त्या वास्तूत संग्रहालय आहे. मोडलेले पुन्हा सांधावयाचे, हे काम पुढे जन्मभर त्यांच्या वाट्यास आले. मात्र देश सांधणे हे मंदिर सांधण्याइतके सोपे नव्हते.

१९४५ साली दुसऱ्या महायुद्धात जपानचा पराभव झाला. फ्रेंच परत येण्यापूर्वीच आपण स्वतंत्र झाल्याचे जाहीर करावे, असे फेत्सरात व त्यांच्या सहकाऱ्यांस वाटत होते. राजाचा कल फ्रान्सकडे होता, म्हणून त्याने फेत्सरात यांस पदच्युत केले. तरीही ऑक्टोबर महिन्यात देशभक्तांनी विएन्तियान येथे स्वतंत्र सरकार स्थापन केले. त्याचे नाव लाओ इस्सरा, म्हणजे स्वतंत्र लाओ. सुवन्न फूमा त्यात बांधकाममंत्री झाले. सुफानुवोंग यांनी सैन्याचे नेतृत्व पत्करले. हे राज्य सहा महिने टिकले. मार्च १९४६ मध्ये मेकाँगकाठच्या थाखेक या गावी फ्रेंचांनी विमानांसह हल्ला केला. नावेतून नदी पार करीत असता सुफानुवोंग जबर जखमी झाले. लवकरच विएन्तियान पडले व तिघेही भाऊ नदीपलीकडे थायलंडच्या आश्रयास गेले.

परदेशात पारतंत्र्याचे दुःख सर्वांचे एकच होते; परंतु त्यावरचा उपाय प्रत्येकास वेगळा दिसू लागला. फ्रान्स थोडे थोडे अधिकार देत होता. ते घेऊन स्वदेशी परतावे आणि बोलणी करून उरलेलेही मिळवावेत, असे सुवन्न यांचे मत पडले. अर्धवट स्वातंत्र्य स्वीकारण्यास फेत्सरात तयार होईनात. सुफानुवोंग यांचा बोलण्यांवर विश्वासच उरला नव्हता. १९४९ साली लाओ इस्सराचे विसर्जन झाले. सुवन्न घरी परतले, फेत्सरात थायलंडमध्येच राहिले आणि सुफानुवोंग व्हिएतनामच्या सीमेवरील अरण्यात जाऊन साम्यवाद्यांच्या साहाय्याने सशस्त्र लढा उभारू लागले. त्यांच्या पक्षास पुढे पाथेट लाओ या नावाने जग ओळखू लागले.

१९५१ साली सुवन्न फूमा प्रथम पंतप्रधान झाले. २२ ऑक्टोबर १९५३ रोजी फ्रान्सशी करार होऊन लाओसचे स्वातंत्र्य मान्य झाले. त्या करारावर लाओसच्या वतीने त्यांचीच स्वाक्षरी आहे. पुढच्याच वर्षी जिनिव्हा येथे परिषद भरली व युद्धविरामावर देखरेख ठेवण्यासाठी एक आंतरराष्ट्रीय मंडळ नेमण्यात आले. भारत, पोलंड व कॅनडा हे त्याचे सदस्य होते आणि अध्यक्षपद भारताकडे होते. आपल्या देशाचे अधिकारी व सैनिक त्या दूरच्या डोंगरांतून शांतिरक्षणासाठी हिंडत होते, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही.

त्या काळी जग दोन गटांत विभागले गेले होते. एका गटाचा पुढारी अमेरिका, दुसऱ्याचा सोव्हिएत रशिया. लाओसच्या एका बाजूस साम्यवादी चीन व उत्तर व्हिएतनाम; दुसऱ्या बाजूस अमेरिकेचा मित्र थायलंड. लाओसने कोणत्याही गटात शिरू नये, सर्वांशी स्नेह ठेवावा आणि घरातील भांडण घरातच मिटवावे, असे सुवन्न फूमा यांचे धोरण होते. १९५६ साली ते दुसऱ्यांदा पंतप्रधान झाले आणि त्यांनी सावत्र भावाशी बोलणी आरंभिली. नोव्हेंबर १९५७ मध्ये समेट झाला. पाथेट लाओच्या ताब्यातील दोन प्रांत राजाच्या शासनाखाली आले आणि अरण्यातून परतलेले सुफानुवोंग मंत्रिमंडळात नियोजनमंत्री झाले. त्याच वर्षी वृद्ध फेत्सरात हेही अकरा वर्षांनी मायदेशी आले. दुभंगलेले घर एकदाचे सांधले असे लोकांस वाटले.

परंतु मे १९५८ मध्ये झालेल्या पोटनिवडणुकांत एकवीस जागांपैकी तेरा जागा पाथेट लाओच्या पक्षाला व त्याच्या मित्रांना मिळाल्या. त्यामुळे अमेरिका बिथरली. लाओसच्या सैन्याचा पगारसुद्धा अमेरिकेच्या पैशांतून होत असे. ती मदत थांबताच सुवन्न यांचे सरकार कोसळले. नव्या सरकारने १९५९ साली सुफानुवोंग यांस तुरुंगात टाकले. पुढच्या वर्षी एका रात्री ते व त्यांचे सहकारी पहारेकऱ्यांनाच आपल्याकडे वळवून घेऊन त्यांच्यासह निसटले आणि पायी चालत अरण्यात पोहोचले!

ऑगस्ट १९६० मध्ये कोंग ले नावाच्या एका तरुण कप्तानाने आपल्या छत्रीधारी सैनिकांनिशी विएन्तियान ताब्यात घेतले. भावाभावांची ही लढाई आता पुरे, असे त्याचे म्हणणे होते. त्याने सत्ता स्वतःकडे ठेवली नाही. ती सुवन्न फूमा यांच्या हाती देण्यात आली. तथापि दक्षिणेत दुसऱ्या पक्षाचे सेनापती फूमी नोसावन यांनी अमेरिकेच्या साहाय्याने सैन्य जमविले व डिसेंबरात राजधानीवर चाल केली. शहराच्या रस्त्यांतून तोफा धडाडल्या. सुवन्न यांस कंबोडियाचा आश्रय घ्यावा लागला. कोंग लेचे सैनिक उत्तरेकडील घटांच्या पठारावर मागे सरले. या पठारावर पुरुषभर उंचीचे प्राचीन दगडी घट शेकड्यांनी पडलेले आहेत. या मोकळ्या माळाने पुढे जितके युद्ध पाहिले, तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या माळाने पाहिले असेल.

आता लाओसवरून महासत्तांचेच युद्ध पेटते की काय, अशी भीती निर्माण झाली. मे १९६१ मध्ये जिनिव्हा येथे चौदा राष्ट्रांची परिषद सुरू झाली. भारतही त्यात होता. मध्यममार्गी सुवन्न फूमा, साम्यवाद्यांचे सुफानुवोंग आणि दक्षिणेकडील चंपासाक घराण्याचे बून ऊम असे तीन राजपुत्र, तीन पक्षांचे पुढारी म्हणून, एकमेकांसमोर बसले. बोलणी वर्षभर रेंगाळली. अनेकदा ती मोडली आणि अनेकदा पुन्हा जुळली. अखेर जून १९६२ मध्ये घटांच्या पठारावर करार झाला. एकोणीस जणांचे मंत्रिमंडळ ठरले. त्यात अकरा जण मध्यममार्गी व उरलेल्या दोन पक्षांचे प्रत्येकी चार होते. पंतप्रधान सुवन्न फूमा. २३ जुलै १९६२ रोजी चौदाही राष्ट्रांनी लाओसची तटस्थता मान्य करून स्वाक्षऱ्या केल्या. सुवन्न फूमा यांच्या आयुष्यातील हा सर्वांत मोठा विजय होय.

तो विजय वर्षभरही टिकला नाही. १ एप्रिल १९६३ रोजी परराष्ट्रमंत्री किनीम फोल्सेना यांचा त्यांच्याच पहारेकऱ्याने गोळ्या घालून खून केला. साम्यवादी मंत्री भीतीने राजधानी सोडून गेले. एप्रिल १९६४ मध्ये दुसऱ्या बाजूच्या सेनापतींनी खुद्द पंतप्रधानांनाच अटक केली. परराष्ट्रांच्या राजदूतांनी दडपण आणल्यामुळे त्यांची सुटका झाली. मधला मार्ग धरणाऱ्यास दोन्ही बाजूंचे घाव सोसावे लागतात, याचा त्यांना पुरेपूर अनुभव आला. शिवाय करार होऊनही उत्तर व्हिएतनामचे सैन्य लाओसमधून गेले नाही. पूर्वेकडील जंगलांतून दक्षिण व्हिएतनामकडे शस्त्रे व सैनिक नेण्याच्या वाटा त्यास हव्या होत्या.

येथे सुवन्न फूमा यांनी एक असा निर्णय घेतला, की त्याचे समर्थन करणे कठीण आहे. १९६४ साली त्यांनी अमेरिकेच्या विमानांस आपल्या देशावर उड्डाणे करण्यास व पुढे बाँब टाकण्यास संमती दिली. तटस्थतेची भाषा मात्र त्यांनी सोडली नाही. परक्या सैन्यास हुसकावण्याचा दुसरा उपाय आपल्यापाशी नाही, असे त्यांस वाटले असावे. परंतु १९७३ पर्यंत वीस लक्ष टनांहून अधिक बाँब त्या लहानशा देशावर पडले. घटांच्या पठारावरील गावेच्या गावे नष्ट झाली. माणसे गुहांतून राहू लागली व रात्रीच्या अंधारात शेती करू लागली. चेंडूएवढे कितीतरी बाँब न फुटताच मातीत रुतले. ते आजही सापडतात, आणि ते उचलणाऱ्या मुलांचे प्राण घेतात.

इतके होऊनही त्यांनी भावाशी पत्रव्यवहार व बोलणी यांची दारे कायमची बंद केली नाहीत. फेब्रुवारी १९७३ मध्ये विएन्तियान येथे पुन्हा करार झाला. एप्रिल १९७४ मध्ये तिसरे संयुक्त सरकार आले. सुफानुवोंग दहा-अकरा वर्षांनी राजधानीत परतले, तेव्हा त्यांचे स्वागत करण्यास लोकांची झुंबड उडाली. त्याच वर्षी सुवन्न फूमा यांस हृदयविकाराचा झटका आला. उपचारासाठी ते फ्रान्सला गेले व बरे होऊन परतले.

१९७५ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या कंबोडिया व दक्षिण व्हिएतनाम येथे साम्यवाद्यांचा जय झाला. त्या लाटेपुढे लाओसचे संयुक्त सरकार टिकणे शक्यच नव्हते. दुसऱ्या पक्षाचे मंत्री व सेनापती एकामागून एक मेकाँग ओलांडून गेले. पंतप्रधानांनी प्रतिकार केला नाही. आणखी रक्तपात नको, एवढाच त्यांचा आग्रह होता. २ डिसेंबर १९७५ रोजी राजेपण संपुष्टात आले व लाओस प्रजासत्ताक झाले. सुफानुवोंग त्याचे पहिले अध्यक्ष झाले. सुवन्न फूमा पदावरून दूर झाले. नव्या सरकारने त्यांस सल्लागार म्हणून नेमले, पण सत्ता त्यांच्या हाती उरली नाही.

त्यानंतरच्या वर्षांत लक्षावधी लाओ लोकांनी देश सोडला. पदच्युत राजास कुटुंबासह दूरच्या छावणीत नेण्यात आले आणि तेथेच त्याचा अंत झाला. फ्रान्समध्ये सुवन्न फूमा यांस आश्रय सहज मिळाला असता. त्यांच्या पत्नीचे वडीलही फ्रेंच होते. तरी ते गेले नाहीत. विएन्तियान शहरात मेकाँगच्या काठी असलेल्या आपल्या घरी ते राहिले आणि १० जानेवारी १९८४ रोजी वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी तेथेच निवर्तले. सुफानुवोंग त्या वेळी राष्ट्राध्यक्ष होते.