वाटाण्याचं रोप आणि माझं अडखळणारं कार्ड: दादासाहेब फाळक्यांकडून ॲनिमेशन शिकताना

फ्रंट-एंड शिकणाऱ्यांसाठी आजचा लेख जरा वेगळा आहे. यात कोर्सची यादी नाही की कुठल्या फ्रेमवर्कची तुलना नाही. यात एक माणूस आहे, जो चाळिशी गाठल्यावर एक अगदी नवं तंत्र शिकायला बसला. त्यांच्या नावाच्या रस्त्यावरून मी कित्येक वर्षं दादर स्टेशन गाठतेय, पण त्यांची गोष्ट नीट वाचली ती माझं स्वतःचं काम फसल्यावर.

मी परळ भोईवाड्यात राहते. गेल्या पावसाळ्यात एका कंपनीने मला घरून करायला एक छोटं काम दिलं होतं. बटण दाबलं की खालून एक कार्ड सरकत वर यायला हवं, एवढंच. माझ्या लॅपटॉपवर ते अगदी लोण्यासारखं सरकायचं. मुलाखतीत मात्र त्यांनी ते एका जुन्या, स्वस्तातल्या फोनवर उघडलं. कार्ड अडखळत, उड्या मारत वर आलं. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. आईने भिशीचे पैसे माझ्या कोर्सला दिले होते, त्यामुळे घरी येताना पाय जड झाले होते.

त्या आठवड्यात एक प्रश्न डोक्यातून जात नव्हता: हालचाल म्हणजे नक्की काय? ती तुटते कशी? उत्तर शोधता शोधता मी पोचले धुंडिराज गोविंद फाळके यांच्यापर्यंत.

नाव उलटं करणारा जादूगार

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे शास्त्री. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवायचं काम मिळालं आणि कुटुंब मुंबईला आलं. १८८५ मध्ये धुंडिराजने जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये नाव घातलं. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला आणि फोटोग्राफी शिकले.

त्यानंतरचा त्यांचा बायोडेटा आजच्या एचआरने पाहिला तर गोंधळून जाईल. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. तिथे प्लेगच्या साथीत पहिली बायको आणि मूल दोघंही गेली. मग पुरातत्त्व खात्यात नोकरी केली. पुढे छपाईच्या धंद्यात शिरले, राजा रविवर्म्यांच्या चित्रांच्या शिळाछपाईचं काम केलं. स्वतःचा छापखाना काढला, १९०९ मध्ये छपाईची यंत्रं आणायला जर्मनीला जाऊन आले. भागीदारांशी पटलं नाही तेव्हा त्या छापखान्यातूनही बाहेर पडले.

मधल्या काळात जादूचे प्रयोगही शिकले. रंगमंचावरचं नाव होतं प्रोफेसर केळफा. फाळके उलटं वाचा, कळेल!

वरवर पाहिलं तर हा सगळा विस्कळीत प्रवास वाटतो. पण नीट बघा. चित्र कसं रचायचं, प्रकाश कसा पकडायचा, एकाच चित्राच्या हुबेहूब प्रती कशा काढायच्या आणि बघणाऱ्याची नजर कुठे वळवायची, हे सगळं त्यांच्या हातात आलं होतं. सिनेमाला आणखी काय लागतं?

मेणबत्ती, भिंग आणि भिंत

१९१०-११ च्या सुमारास फाळक्यांनी मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. तो बघताना त्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण यायला लागले. आपल्या गोष्टी अशा पडद्यावर का येऊ नयेत, हा विचार मनात बसला तो बसलाच.

त्यांनी छोटा कॅमेरा आणि काही रिळं मिळवली. रात्री मेणबत्तीचा उजेड भिंगातून घेऊन भिंतीवर चित्रं पाडायची आणि यंत्र कसं चालतं ते बघत बसायचं, हा उद्योग सुरू झाला. जमतील तितके सिनेमे पाहिले. झोप अगदी थोडी. याचा परिणाम डोळ्यांवर झाला आणि काही काळ त्यांना जवळजवळ दिसेनासं झालं. उपचारांनी आणि चष्म्यांनी दृष्टी परत आली. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत अंधारात स्क्रीनला चिकटणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

पुढची अडचण पैशांची होती. बारा हजारांच्या विमा पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी दहा हजार रुपये उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला निघाले. तिथे बायोस्कोप या साप्ताहिकाच्या संपादकांना जाऊन भेटले. त्यांनी फाळक्यांची गाठ सेसिल हेपवर्थ या चित्रपट निर्मात्याशी घालून दिली आणि हेपवर्थने आपला स्टुडिओ दाखवला. फाळक्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, कोऱ्या फिल्मची आणि फिल्मला भोकं पाडणाऱ्या यंत्राची ऑर्डर दिली आणि एप्रिलच्या सुरुवातीला मुंबई गाठली.

कुंडीतला वाटाणा

आता यंत्र होतं, पण सिनेमा काढायला लागणारा पैसा नव्हता. आणि हिंदुस्थानात राहून सिनेमा बनवता येतो, यावर पैसेवाल्यांचा विश्वास कसा बसणार?

फाळक्यांनी भाषण दिलं नाही. कुंडीत वाटाणे पेरले आणि समोर कॅमेरा लावला. महिनाभराहून जास्त काळ त्या कुंडीचं थोडं थोडं चित्रण करत राहिले. सगळं जोडून तयार झाली जेमतेम मिनिटभराची फिल्म. बी फुटतंय, कोंब वर येतोय, वेल वाढतेय! या फिल्मचं नाव अंकुराची वाढ. ती पाहून लोक भांडवल द्यायला तयार झाले.

ॲनिमेशनचं मूळ तत्त्व या कुंडीत आहे. पडद्यावर प्रत्यक्षात काहीच हलत नसतं. थोडी थोडी वेगळी स्थिर चित्रं भरभर दाखवली की आपल्या मेंदूला हालचाल दिसते. तुमच्या फोनवरचं सरकणारं मेनूकार्डसुद्धा असंच आहे. साधी स्क्रीन सेकंदाला ६० वेळा नवं चित्र दाखवते, म्हणजे एका चित्रासाठी ब्राउझरला मिळतात साधारण १६.७ मिलिसेकंद.

आणखी एक गोष्ट या वाटाण्याने मला शिकवली. रोप एकाच वेगाने वाढत नाही. आधी हळू, मग झपाट्याने, शेवटी पुन्हा हळू. सीएसएसमध्ये आपण ज्याला ईझिंग म्हणतो ते हेच. लिनिअर ठेवलं की कार्ड लिफ्टसारखं निर्जीव सरकतं. ईझ-आउट दिलं की पटकन निघतं आणि अलगद थांबतं. तेव्हा ते खरं वाटतं.

सरस्वतीबाईंची भोकं

फाळक्यांचं बिऱ्हाड तेव्हा दादरच्या मेन रोडवर होतं. आज त्याच रस्त्याला दादासाहेब फाळके यांचं नाव आहे. राजा हरिश्चंद्रची तयारी याच घरात झाली, आणि तिचा मोठा भार सरस्वतीबाई फाळके यांनी उचलला. कलाकारांचा स्वयंपाक त्यांच्याकडे, शिवाय फिल्मला भोकं पाडायचं कामही. विकत आलेली फिल्म कोरी असायची. अंधारात बसून तिच्या दोन्ही कडांना यंत्राने भोकं पाडावी लागत. पैसे कमी पडले तेव्हा त्यांनी आपले दागिनेही गहाण ठेवायला दिले.

भोकं कशाला, असं वाटेल. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका चित्राला प्रत्येक कडेने चार भोकं लागतात. कॅमेऱ्यातला आकडा त्या भोकांत अडकतो, फिल्म बरोबर एक घर पुढे ओढतो आणि क्षणभर थांबवतो. भोक जरा इकडेतिकडे झालं की चित्र पडद्यावर उडी मारतं. फुटाला १६ चित्रं, आणि राजा हरिश्चंद्र होता सुमारे ३,७०० फुटांचा. म्हणजे जवळपास ५९ हजार चित्रं! प्रत्येक चित्र आपल्या जागी आणि आपल्या वेळेला यायला हवं.

इथे माझी ट्यूब पेटली. माझ्या कार्डची भोकंच चुकली होती.

मी कार्ड वर सरकवायला त्याची टॉप ही किंमत बदलत होते. ती बदलली की ब्राउझरला दर वेळी पानावरची मांडणी पुन्हा मोजावी लागते आणि मग ती रंगवावी लागते. ताकदवान लॅपटॉप हे १६.७ मिलिसेकंदांत उरकतो. स्वस्त फोनला तेवढ्यात जमत नाही, मधली चित्रं गळतात आणि कार्ड उडी मारतं. तेच काम ट्रान्सफॉर्मच्या ट्रान्सलेटने केलं तर मांडणी पुन्हा मोजायची गरज नसते. तयार झालेला थर फक्त सरकवला जातो आणि ते काम बहुतेक वेळा ग्राफिक्स चिप सांभाळते. म्हणून नियम साधा आहे: हलवायचं असेल तर ट्रान्सफॉर्म, विरघळवायचं असेल तर ओपॅसिटी. रुंदी, उंची, टॉप, लेफ्ट यांना शक्यतो हात लावू नका.

ताऱामतीपासून आगकाड्यांपर्यंत

राजा हरिश्चंद्रसाठी स्त्री कलाकार मिळेना. शेवटी ग्रँट रोडच्या एका खानावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. हरिश्चंद्राची भूमिका दाबके यांनी केली आणि रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये चित्रपट लागला आणि चालला. पुढे फाळके नाशिकला गेले. मोहिनी भस्मासुर, लंका दहन, श्रीकृष्ण जन्म, कालिया मर्दन असे एकामागून एक चित्रपट आले. लंका दहनमध्ये तर राम आणि सीता दोन्ही साळुंकेच होते!

या यशाच्या गर्दीत १९१५ ची एक छोटी फिल्म झाकली जाते. तिचं नाव आगकाड्यांची मौज. तिच्यात आगकाड्या आपोआप हलताना दिसायच्या. ती आज उपलब्ध नाही, पण असं काम करायची रीत आपल्याला ठाऊक आहे: काडी किंचित सरकवायची, चित्र घ्यायचं, पुन्हा किंचित सरकवायची.

वाटाणा आणि आगकाडी यांत मोठा फरक आहे. वाटाण्याच्या मधल्या अवस्था निसर्ग भरत होता. आगकाडीची प्रत्येक अवस्था माणसाला स्वतः ठरवावी लागते. आपलं काम या दोहोंच्या मध्ये बसतं. सीएसएसच्या कीफ्रेम्समध्ये आपण सुरुवात, शेवट आणि हवे तर मधले काही टप्पे सांगतो, बाकीची चित्रं ब्राउझर भरतो. आगकाड्यांसारखी तुटक चाल हवी असेल तर स्टेप्स नावाचं टायमिंग वापरा. मग ब्राउझर मधलं काही भरत नाही, ठरलेल्या उड्याच मारतो. म्हणजे उडी वाईट नसते. न ठरवता बसलेली उडी वाईट.

बोलपटाचा काळ

शेवट गोड नव्हता. १९१८ मध्ये उभ्या राहिलेल्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीत भागीदारांशी मतभेद झाले. फाळके सगळं सोडून काशीला गेले, तिथे रंगभूमी हे नाटक लिहिलं. परत आले तोवर जमाना बदलत होता. १९३१ मध्ये आलम आरा आला आणि पडदा बोलू लागला. फाळक्यांनी सुरुवातीपासून बोलपट म्हणून केलेला चित्रपट एकच, कोल्हापूरला झालेला गंगावतरण, १९३७ चा. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये ते गेले. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ सालापासून सुरू झाला.

हे वाचून मला वाईट वाटलं, भीतीही वाटली. तंत्र बदलतं आणि भलेभले मागे पडतात. आज मी शिकतेय ते दहा वर्षांनी टिकेल का? माहीत नाही. पण चित्र जागेवर आणि वेळेवर आलं पाहिजे, ही गोष्ट १९१२ मध्येही खरी होती आणि आजही आहे.

माझा वाटाणा

मग मी ठरवलं, आपणही एक कुंडी मांडायची. आमच्याकडे केईएम आणि टाटा हॉस्पिटल दोन्ही पायी अंतरावर आहेत. गावाकडून आलेली माणसं हातात फाइल आणि साधा फोन घेऊन रोज रस्ता विचारतात. नकाशा समोर असतो, पण वळायचं कुठे ते त्यांना कळत नाही. मी एकच पान केलं: परळ स्टेशनपासून हॉस्पिटलपर्यंत. पुढचं वळण आलं की बाण सरकतो आणि थांबतो. बास.

बाण ट्रान्सफॉर्मने हलतो. ३०० मिलिसेकंद, ईझ-आउट. ज्यांनी फोनच्या सेटिंगमध्ये हालचाल कमी ठेवली आहे त्यांना तो न सरकता थेट पुढच्या जागी दिसतो. त्यासाठी प्रिफर्स रिड्यूस्ड मोशन नावाची मीडिया क्वेरी आहे. आजारी माणसाला गरगरायला लावणारं ॲनिमेशन काय कामाचं?

पान आधी बाबांच्या सहा वर्षं जुन्या फोनवर उघडलं. बाण अडखळला नाही. गेल्या महिन्यात दुसऱ्या एका मुलाखतीला गेले, तेव्हा बायोडेटा बाजूला ठेवून आधी बाबांचा फोन पुढे केला. निकाल अजून आलेला नाही. पण या वेळी घरी येताना फाळके रोडवरून चालत आले, आणि पाय हलके होते.

तुम्हीही आज एक करा. मोठं पोर्टफोलिओ नको. एक बटण, एक हालचाल, एक मिनिट पुरेल एवढं काम. आणि ते घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर उघडून बघा.