पर्मनंट न झालेला कर्नल

डॉलरच्या नोटेवरचा तो पांढऱ्या केसांचा, ओठ घट्ट मिटलेला म्हातारा तुम्ही पाहिलाय. जॉर्ज वॉशिंग्टन. त्याला जरा बाजूला ठेवा. आज भेटूया तुमच्याच वयाच्या जॉर्जला. हा थोडा चिडका आहे, भयंकर महत्त्वाकांक्षी आहे आणि नशीबवानही.

जन्म १७३२चा, व्हर्जिनियातला. अमेरिका नावाचा देश तेव्हा नव्हताच, व्हर्जिनिया ही ब्रिटिश राजाची वसाहत होती. तंबाखूचे मळे आणि त्यात राबणारे गुलाम. जॉर्ज ११ वर्षांचा असताना वडील गेले. थोरले सावत्र भाऊ इंग्लंडला शिकून आले होते, याला ते जमलं नाही. कॉलेज तर नाहीच. वाट्याला आली थोडी जमीन आणि १० गुलाम. हो, ११ वर्षांच्या पोराच्या नावावर १० माणसं!

मग तो जमीन मोजायला शिकला. सोळाव्या वर्षी शेनान्डोआ खोऱ्यात मोजणीला गेला, सतराव्या वर्षी कल्पेपर काउंटीचा अधिकृत मोजणीदार झाला. मोजणी करणाऱ्याला चांगली जमीन कुठंय ते सगळ्यांच्या आधी कळतं (आपल्या गावाकडेही कुणीही सांगेल). अठराव्या वर्षी त्याने स्वतःची जमीन घेतलीसुद्धा.

पण त्याला खरं व्हायचं होतं लष्करी अधिकारी. १७५३ मध्ये ओहायो खोऱ्यावरून इंग्रज आणि फ्रेंच यांची जुंपली. फ्रेंचांना निघून जा म्हणून सांगायला गव्हर्नर डिनविडीने पाठवलं या २१ वर्षांच्या मेजरला. ऐन हिवाळा, जंगल, बर्फ. परतताना तर तो तराफ्यावरून गोठत्या नदीत पडला, पण वाचला.

पुढच्या वर्षी सैन्य घेऊन गेला आणि सगळं बिघडलं. मे १७५४ मध्ये त्याच्या तुकडीने एका छोट्या फ्रेंच तुकडीवर हल्ला केला, त्यात जुमॉनव्हिल हा अधिकारी मारला गेला. फ्रेंचांचं म्हणणं, तो तर आमचा दूत होता. जुलैमध्ये भर पावसात, फोर्ट नेसेसिटी नावाच्या एका कच्च्या गढीत वॉशिंग्टनला शरण जावं लागलं. कागद फ्रेंचमध्ये. याला फ्रेंच येत नव्हतं. सही केली, आणि जुमॉनव्हिलचा खून केल्याची कबुली देऊन बसला! या चकमकीतून पेटलेलं भांडण पुढे सप्तवार्षिक युद्ध झालं. त्याच युद्धात १७६० मध्ये इंग्रज आणि फ्रेंच आपल्याकडे वांदिवाशला लढले.

१७५५ मध्ये जनरल ब्रॅडॉकबरोबर तो बिनपगारी गेला. मोनोंगाहेला नदीजवळ ब्रिटिश सैन्याची धूळधाण उडाली, ब्रॅडॉक मेला. आजारी वॉशिंग्टनच्या मांडीखालचे दोन घोडे पडले, कोटातून चार गोळ्या गेल्या, त्याला मात्र खरचटलंसुद्धा नाही. तेविसाव्या वर्षी तो व्हर्जिनिया रेजिमेंटचा कर्नल झाला.

आता गोची बघा. वसाहतीचा कर्नल असला, तरी राजाची सनद असलेला साधा कॅप्टन त्याला जुमानत नसे. कंत्राटी आणि पर्मनंट यांच्यातला फरक तुम्हाला वेगळा सांगायला नको. या एका तक्रारीसाठी तो १७५६ मध्ये घोड्यावरून थेट बोस्टनला गेला. कॅप्टनचा प्रश्न सुटला, पण राजाची सनद काही मिळाली नाही. पुढच्या वर्षी फिलाडेल्फियात लॉर्ड लाउडनला भेटला. तिथेही नकारच.

१७५८ च्या अखेरीस त्याने राजीनामा दिला. मार्था कस्टिस या श्रीमंत विधवेशी लग्न केलं, माउंट व्हर्ननवर शेती मांडली. तंबाखूने लंडनच्या व्यापाऱ्यांचं कर्ज वाढवलं, तेव्हा गव्हाकडे वळला. राजाने १७६३ मध्ये ॲपलेशियन डोंगरांपलीकडे वस्तीला बंदी घातली. आपला हा मोजणीदार गपचूप माणूस लावून तिकडच्या जमिनी हेरतच राहिला. माझ्या मते करांइतकाच हा रागही त्याच्या बंडामागे होता.

१७७५ मध्ये फिलाडेल्फियाच्या काँग्रेसला तो लष्करी गणवेशात हजर झाला. बाकी सगळे साध्या कपड्यांत. जूनमध्ये त्याला सरसेनापती नेमलं, ते त्याला सनद नाकारणाऱ्या राजसत्तेशीच लढायला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. १७९९ मध्ये तो वारला तेव्हा माउंट व्हर्ननवर ३०० हून जास्त गुलाम होते. त्यातले १२३ त्याच्या मालकीचे. मार्थाच्या मृत्यूनंतर त्यांना मुक्त करावं, असं मृत्युपत्रात होतं. उरलेले बहुतेक कस्टिस इस्टेटीतले. त्यांना सोडण्याचा कायदेशीर हक्क त्याला नव्हता, ते गुलामच राहिले.