राजा झाला मास्तर : औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी

आपल्या जिल्ह्यातून दरसाल दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन हजारो कुटुंबं सातारा, सांगलीकडं ऊसतोडीला जातात. त्यातल्या बऱ्याच जणांनी किर्लोस्करवाडीचं रेल्वे स्टेशन पाहिलं असेल. किर्लोस्करचा लोखंडी नांगर तर आपल्या बापजाद्यांनी जमिनीत घातला. पण हा नांगर ज्या माळावर घडला, तो माळ कारखान्यासाठी दिला कुणी? एका चित्रकारानं. हा चित्रकार राजा होता आणि पोरांचा मास्तरही होता. त्यांचं नाव भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी, औंध संस्थानचे अधिपती.

औंध हे सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातलं गाव. डोंगरावर यमाईदेवीचं ठाणं. संस्थान म्हणाल तर लहानसं, जेमतेम ७२ गावांचं, आणि तेही सलग नव्हतं. एक तुकडा औंधला, दुसरा कुंडलला, तिसरा आटपाडीच्या दुष्काळी माळावर, चौथा पार विजापूरकडं. आटपाडीचं पाऊसमान म्हणजे आपल्या आष्टी-पाटोद्याची आठवण यावी असं. अशा संस्थानच्या राजघराण्यात २४ ऑक्टोबर १८६८ रोजी बाळासाहेबांचा जन्म झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बी. ए. झाले. राजपुत्र म्हटलं की शिकार आणि घोडे आठवतात. यांना मात्र नाद होता चित्रांचा आणि कीर्तनाचा. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, १९०९ साली, ते गादीवर बसले. पण हातातला कुंचला काही सुटला नाही.

माळावरचा कारखाना

गादीवर आल्यावर वर्षभरातलीच गोष्ट. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा बेळगावातला कारखाना जागेअभावी अडचणीत आला होता. तिथल्या नगरपालिकेला ती जागा हवी होती. लक्ष्मणरावही मूळचे चित्रकलेचेच विद्यार्थी. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये ते चित्रकला शिकायला गेले, पण रंग नीट ओळखू येत नाहीत हे ध्यानात आल्यावर यंत्रांच्या ड्रॉइंगकडं वळले. औंधच्या देवळाच्या सभामंडपाच्या कामातून त्यांचा बाळासाहेबांशी संबंध आला होता. अडचण कळल्यावर बाळासाहेबांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन दिली, वर कर्जाऊ रक्कमही दिली. निवडुंग आणि साप यांचं ते रान. तिथं १९१० साली कारखाना उभा राहिला.

लोखंडानं जमीन नासते अशी त्या काळी समजूत होती. त्यामुळं लोखंडी नांगर शेतकऱ्यांच्या गळी उतरवताना लक्ष्मणरावांना फार कष्ट पडले. पुढं काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. कंदिलांसाठी नाव झालेला ओगल्यांचा काचकारखानाही औंध संस्थानच्याच हद्दीत वाढला. चांगलं चित्र आणि चांगलं अवजार दोन्ही हातानंच घडतात. ज्याला एकाची पारख असते, त्याला दुसऱ्याची कदर असते, एवढं यातून दिसतं.

चित्रं सर्वांसाठी

बाळासाहेबांनी रामायणातले प्रसंग रंगवले आणि १९१६ साली ते ‘चित्ररामायण’ म्हणून छापले. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही चित्र वाचता येतं, म्हणून या कामाचं मोल. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढावी म्हणून १९१८ साली त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. त्यासाठी चित्रं काढायचं कामही अंगावर घेतलं. हे महाभारत पुरं व्हायला १९६६ साल उजाडलं. तोवर बाळासाहेब हयात नव्हते.

आपल्या मराठवाड्याशीही त्यांचं नातं आहे. वेरूळ आणि अजिंठा ही लेणी तेव्हा निजामाच्या मुलखात. बाळासाहेबांनी १९२९ साली वेरूळवर आणि १९३२ साली अजिंठ्यावर पुस्तक प्रसिद्ध केलं. आपल्याच दारातलं वैभव एका परक्या संस्थानच्या राजानं लिहून ठेवलं, हे मनात नोंदवून ठेवण्यासारखं आहे. साहित्यिकांनीही त्यांचा मान राखला. १९३५ साली इंदूरला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

जमवलेली चित्रं त्यांनी वाड्यात कुलूपबंद ठेवली नाहीत. यमाईच्या डोंगरावर, पायथा आणि शिखर यांच्या मध्यावर, १९३८ साली त्यांनी श्रीभवानी संग्रहालय उभारलं. राजा रविवर्मा, धुरंधर, पंडित सातवळेकर अशा नामवंतांची चित्रं तिथं आहेत. इंग्लंडचे जगप्रसिद्ध शिल्पकार हेन्री मूर यांचं आई आणि मुलाचं शिल्पही आहे. आता जागा कशी निवडली ते बघा. मुंबई-पुण्याला न्यायचं सोडून हे सगळं त्यांनी देवीच्या वाटेवर ठेवलं. नवस फेडायला आलेला शेतकरी, लेकरू कडेवर घेतलेली बाई, यांच्या पायाखालच्या रस्त्यावर जगातली उत्तम चित्रं आणून ठेवली. स्वतः बाळासाहेबांची गणना पहिल्या रांगेच्या चित्रकारांत होत नाही. पण चित्रं लोकांपर्यंत नेण्यात त्यांची बरोबरी करणारे थोडेच.

शाळेच्या पटांगणात

पोरांना शिकवणं हा त्यांचा दुसरा ध्यास. सूर्यनमस्कार ते स्वतः रोज घालत आणि संस्थानच्या शाळाशाळांत त्यांनी ते सुरू केले. नुसता हुकूम काढून ते बसले नाहीत, मुलांसमोर उभं राहून करून दाखवत. या विषयावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९३८ साली विलायतेत निघालं. ही शिस्त सक्तीची होती आणि सगळ्यांनाच ती गोड लागली असं नाही. पण ज्याला व्यायामशाळा परवडत नाही त्यालाही चार हात जागेत अंग कमावता यावं, हा त्यामागचा हिशेब होता.

गरिबाच्या पोरांना औंधला शिकायची सोय झाली. साने गुरुजी तिथं काही काळ शिकले. गदिमा, म्हणजे ग. दि. माडगूळकर, हेही औंधच्याच शाळेतले. माणदेशातल्या दुष्काळी गावातलं हे पोर पुढं महाराष्ट्राचं लाडकं कवी झालं.

गादी सोडली, गाव उभं केलं

ग्रामपंचायतीच्या मंडळींनी आता नीट ऐकावं. १९३८ च्या अखेरीस, वयाची सत्तर वर्षं पुरी होताना, बाळासाहेबांनी आपली राजसत्ता प्रजेला देऊन टाकल्याचं जाहीर केलं. चिरंजीव अप्पासाहेब पंत यांचा त्यात पुढाकार होता आणि सल्ला महात्मा गांधींचा. जानेवारी १९३९ मध्ये नवी राज्यघटना लागू झाली. तिचा पाया गावपंचायत. गावानं पंच निवडायचे, गावपंचायतींवर तालुक्याची सभा, आणि त्यावर संस्थानची विधानसभा. मतदाराला लिहिता-वाचता आलं पाहिजे, असा गांधीजींचा आग्रह होता. म्हणजे कारभार आणि शाळा यांची गाठ तिथं सुरुवातीलाच मारली गेली.

त्या वेळी आपला बीड जिल्हा निजामी अंमलाखाली होता. आपली सुटका सप्टेंबर १९४८ मध्ये झाली. राज्याचा ग्रामपंचायत कायदा १९५८ चा, जिल्हा परिषदा १९६२ च्या. औंधची ७२ गावं या सगळ्याच्या आधी आपला कारभार आपण बघत होती.

आटपाडीजवळ १९३९ सालीच स्वतंत्रपूर नावाची वसाहत झाली. जन्मठेपेच्या कैद्यांना भिंत आणि बेड्या न ठेवता तिथं शेती करू द्यायची, बायकामुलांसह राहू द्यायचं. गांधीजींच्या सहवासात आलेले पोलंडचे इंजिनिअर मॉरिस फ्रिडमन यांची ती कल्पना. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आंखें बारह हाथ’ हा बोलपट याच प्रयोगावरून सुचला. त्याची कथा लिहिली औंधच्या शाळेत शिकलेल्या त्याच गदिमांनी.

हा कारभार नऊ वर्षं चालला. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झालं. १३ एप्रिल १९५१ रोजी बाळासाहेब वारले. संग्रहालय शासनाच्या पुरातत्त्व खात्याकडं आहे आणि आजही बघता येतं.

आपण काय घ्यायचं?

वाचकहो, राजाकडं तिजोरी होती, आपल्याकडं काय आहे, असं कुणी म्हणेल. पण नीट बघा. एवढी छोटी तिजोरी असलेली संस्थानं पुष्कळ होती, त्यांचे राजे आज कुणाला आठवत नाहीत. बाळासाहेबांजवळ जे होतं ते त्यांनी वाटून टाकलं. माळ कारखान्याला दिला, चित्रं डोंगराच्या वाटेवर ठेवली, सत्ता गावाला दिली आणि पहाटेचा वेळ पोरांना दिला.

आपल्या जिल्ह्यातही हाताची कला कधी कमी नव्हती. धर्मापुरीच्या केदारेश्वराचं कोरीव काम बघा, बीडच्या कंकालेश्वराचं देऊळ बघा. ते घडवणारे हात याच मातीवर राबले. आज आपल्या पोरांचे हात मात्र फडावर मोळ्या बांधण्यात गुंततात. ज्याच्या हाताला वळण आहे, असं पोर तुमच्याही गावात एखादं असेलच. त्याला कागद आणि रंग देणारं कुणी नसतं, एवढीच अडचण.

सरपंच, ग्रामसेवक आणि गुरुजी, तिघांनी मनावर घेतलं तर फार पैसा लागत नाही. शाळेच्या रंगखडूंसाठी थोडी तरतूद करा. शासकीय एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांना मुलं बसतात की नाही, याची चौकशी करा. २६ जानेवारीला झेंडावंदन झालं की पोरांची चित्रं पंचायतीच्या भिंतीवर चार दिवस टांगून ठेवा. उतारा काढायला आलेला माणूस ती बघेल. त्यातलं एखादं चित्र त्याच्याच नातवाचं निघेल.