डॉ. वसंत रामजी खानोलकर

विस्तवाला हात लागताच तो झटकन मागे येतो. चेतापेशींचे तंतू ती वर्दी क्षणात मज्जारज्जूला देतात. कुष्ठरोग्याला मात्र पुष्कळदा हात भाजल्याचेही कळत नाही. असे का होते, याचा शोध डॉ. खानोलकर (१८९५–१९७८) यांनी मुंबईत परळ येथे घेतला. १९४१ साली उघडलेल्या टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे ते प्रमुख होते. पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. कर्करोग हा त्यांचा मुख्य विषय. तरी कुष्ठरोग्यांच्या त्वचेचे पातळ छेद ते सूक्ष्मदर्शकातून चिकाटीने न्याहाळीत. चट्टा अगदी पुसट असतानाच जंतू त्वचेतील चेतातंतूंत शिरलेले त्यांना आढळले. तंतू निकामी झाले, की वर्दीच थांबते! म्हणून चट्ट्याला कापसाचा स्पर्श कळतो की नाही, हे डॉक्टर आजही तपासतात. रोग वेळीच ओळखला, तर हात वाचतो.